त्रिस्सिनो ते लोटे : न मरणाऱ्या रसायनांचा प्रवास



इटलीच्या ईशान्येस व्हेनेतो नावाचा प्रांत आहे. व्हेनिस ही त्याची राजधानी. याच प्रांतातील विचेन्झा जिल्ह्यात, आल्प्सच्या पायथ्याशी, अग्नो नदीच्या खोऱ्यात त्रिस्सिनो नावाचे एक छोटेसे नगर वसले आहे. सोळाव्या शतकात जान जोर्जो त्रिस्सिनो या विद्वान सरदाराने एका होतकरू पाथरवटाला हाताशी धरले, त्याला शिकवले आणि 'पलादियो' हे नाव दिले. तो पाथरवट पुढे युरोपीय वास्तुकलेचा आचार्य ठरला. त्रिस्सिनो या नावाची अशी कीर्ती होती. आज ते नाव वेगळ्याच कारणाने घेतले जाते. २६ जून २०२५ रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने तेथील 'मितेनी' या रसायन कारखान्याशी संबंधित अकरा जणांना दोषी ठरवले. सर्वांच्या शिक्षांची बेरीज १४१ वर्षे भरते. आरोपांत मुख्य आरोप होता लोकांचे पाणी विषारी केल्याचा. हा निकाल पहिल्या पायरीवरचा आहे, त्यावर अपिलाचा मार्ग मोकळा आहे, हे येथेच नमूद केले पाहिजे.

आता कोणी विचारील, विचेन्झाच्या विहिरींशी आपला काय संबंध? संबंध आहे. २०१८ मध्ये मितेनीने दिवाळे काढले. २०१९ मध्ये तिची यंत्रसामग्री, पेटंटे आणि उत्पादनप्रक्रिया लिलावात निघाली, आणि मुंबईतील एका रसायन उद्योगाच्या उपकंपनीने ती विकत घेतली. कारखान्याचे सुटे भाग जहाजांतून भारतात आले. ते उभे राहिले रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. ज्या भूमीविषयी समुद्र मागे हटवून ती निर्माण केल्याची परशुरामकथा घरोघर सांगितली जाते, त्याच भूमीत.

म्हणून हा विषय दूरचा नाही. परंतु तो समजून घ्यायचा तर सुरुवात अमेरिकेपासून आणि १९३८ सालापासून करावी लागते.

त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात न्यू जर्सीतील ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकरणासाठी नवा वायू शोधत होता. वायूने भरलेल्या नळकांड्याची तोटी उघडली तर आतून काहीच येईना. वजन मात्र तितकेच. नळकांडे कापून पाहिले, तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी सापडली. आम्ल, अल्कली, उष्णता, कशाचाही तिच्यावर परिणाम होत नव्हता. तीच पुढे 'टेफ्लॉन' या नावाने बाजारात आली. महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पाला तिचा उपयोग झाला, कारण युरेनियमचे फ्लोरिनयुक्त संयुग ज्या कशात भरावे ते खाऊन टाकी. हिला मात्र ते खाऊ शकले नाही. युद्ध संपले आणि ही विद्या स्वयंपाकघरात शिरली. फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार या अभियंत्याने हा लेप तव्यावर चढवला आणि १९५६ मध्ये 'टेफाल' कंपनी उभी राहिली. अमेरिकेत ३-एम कंपनीने याच घराण्यातील रसायनांपासून डाग न पडू देणारा 'स्कॉचगार्ड' काढला. पाठोपाठ पावसाचे कपडे, गालिचे, तेल न पाझरणारे खाद्यपदार्थांचे कागद, विमानतळावरील आग विझवणारा फेस, विजेच्या तारांची आवरणे, चिप बनवण्याचे कारखाने असा हा विस्तार झाला.

या सर्वांचे सामर्थ्य एका गाठीत आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट एकेरी बंध मानला जातो. निसर्गातील जिवाणूंना तो सहसा सोडवता येत नाही. ऊन, पाऊस, माती, काळ यांनी लाकूड कुजते, लोखंड गंजते, डीडीटीसारखे विषही हळूहळू का होईना, मोडते. या रसायनांची शृंखला मोडत नाही. म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना 'कायमची रसायने' असे नाव दिले. शास्त्रीय नाव लांबलचक आहे. त्याची आद्याक्षरे घेऊन 'पीएफएएस' म्हणतात. अशी हजारो रसायने आहेत. त्यांतील दोन नावे लक्षात ठेवली तरी पुरे : पीएफओए आणि पीएफओएस. यांतील पहिले रसायन टेफ्लॉन बनवताना साहाय्यक म्हणून वापरले जाई.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की सगळा राग तव्यावर निघतो. रिकामा तवा मोठ्या आंचेवर तापवला तर निघणारा धूर घातक असतो, त्याने पिंजऱ्यातील पाखरे मरतात, हे खरे. परंतु लेपाचा एखादा कपचा पोटात गेला तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो. खरे संकट तव्यात कमी आणि तो लेप जेथे तयार होतो त्या कारखान्याच्या सांडपाण्यात जास्त असते. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या भयकथांत नेमके हेच सुटून जाते.

ते संकट प्रथम ओळखले एका गुराख्याने. अमेरिकेच्या पश्चिम व्हर्जिनिया राज्यात, पार्कर्सबर्ग शहराजवळ ड्युपाँचा मोठा कारखाना होता. तेथे १९५१ पासून पीएफओए वापरात होते. विल्बर टेनंट नावाच्या शेतकऱ्याच्या कुटुंबाने आपल्या जमिनीचा काही भाग कंपनीला विकला. कंपनीने तेथे कचराभूमी केली. त्या भूमीतून वाहणाऱ्या ओढ्यावर टेनंटची गुरे पाणी पीत. गुरे खंगू लागली. दात काळे पडले, तोंडाला फेस येऊ लागला, वासरे विकृत जन्मू लागली. दीडशेच्या आसपास जनावरे गेली. गावातील पशुवैद्य बोलेनात, वकील खटला घेईनात, कारण सारे गाव कंपनीच्या पगारावर जगत होते. तेव्हा हा अल्पशिक्षित शेतकरी स्वतः मेलेली गुरे फाडून त्यांच्या आतड्यांचे, यकृताचे चित्रीकरण करू लागला. १९९८ मध्ये त्या फिती घेऊन तो सिनसिनाटीच्या रॉबर्ट बिलट या वकिलाकडे गेला. गंमत अशी की बिलट हे आयुष्यभर रसायन कंपन्यांचीच वकिली करत आले होते. त्यांची आजी पार्कर्सबर्ग परिसरात राहत असे, एवढाच धागा.

खटला उभा राहिला आणि न्यायालयाच्या आदेशाने कंपनीला कागदपत्रे द्यावी लागली. लाखाच्या वर पाने. ती कार्यालयाच्या जमिनीवर पसरून बिलट महिनोन् महिने वाचत बसले. त्या कागदांतून जे बाहेर आले, ते विषापेक्षाही भयंकर होते. कंपनीला सारे ठाऊक होते. १९८१ मध्ये ३-एमने कळवले होते की, हे रसायन गर्भिणी उंदरांना दिले असता पिलांच्या डोळ्यांत दोष दिसला. ड्युपाँने आपल्या कारखान्यातील सात कामगार स्त्रियांच्या नवजात बालकांची पाहणी केली. दोघांच्या डोळ्यांत दोष निघाला. स्त्रियांना त्या विभागातून हलवण्यात आले, परंतु समाजाला काही सांगितले गेले नाही. १९८४ मध्ये आसपासच्या गावांतील नळाचे पाणी गुपचूप तपासले, त्यात रसायन सापडले. तेही फायलीत राहिले.

त्याहून जुनी एक नोंद आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास डोनाल्ड टेव्हस आणि वॉरन गाय या दोन शास्त्रज्ञांनी रक्तपेढ्यांतील रक्तात एक अनोळखी फ्लोरिनयुक्त पदार्थ पाहिला. तो पदार्थ तुमच्याच उत्पादनांतला तर नव्हे, असे त्यांनी ३-एमला विचारलेही होते. पुढे ३-एमच्या शास्त्रज्ञांना तुलनेसाठी या रसायनापासून मुक्त असे मानवी रक्त हवे होते. ते जिवंत माणसांत मिळेना. अखेरीस कोरियन युद्धाच्या वेळी भरती झालेल्या सैनिकांचे जतन करून ठेवलेले रक्त शोधून काढावे लागले, तेव्हा कोठे स्वच्छ नमुना हाती आला. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा; शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

पार्कर्सबर्गच्या नागरिकांनी नुकसानभरपाईच्या पैशातून एक शहाणपणाची गोष्ट केली. तडजोडीनुसार स्वतंत्र शास्त्रज्ञांचे मंडळ नेमले गेले आणि सुमारे ६९ हजार लोकांनी रक्त दिले. सात वर्षांच्या अभ्यासानंतर २०१२ पर्यंत मंडळाने सहा विकारांशी पीएफओएचा संबंध संभवनीय ठरवला : रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल, आतड्यांना व्रण पाडणारा कोलायटिस, थायरॉइडचे विकार, वृषणाचा कर्करोग, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि गरोदरपणातील रक्तदाब. २०१७ मध्ये कंपन्यांनी साडेतीन हजारांहून अधिक दावे ६७ कोटी १० लाख डॉलर्स देऊन मिटवले. टेनंट तोपर्यंत हयात नव्हते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने पीएफओएची गणना मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली.

शरीरात हे रसायन कसे वागते, हे पाहण्यासारखे आहे. डीडीटी चरबीत साठते. हे मात्र रक्तातील प्रथिनांना चिकटून हिंडते आणि यकृतात मुक्काम करते. मूत्रपिंड ते बाहेर टाकण्याऐवजी पुष्कळसे परत ओढून घेते, त्यामुळे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायलाच काही वर्षे लागतात. पुरुषांपेक्षा तरुण स्त्रियांच्या रक्तात ते बहुधा कमी आढळते, कारण मासिक पाळीतून, गर्भातून आणि स्तन्यातून ते उतरते. आईचा भार कमी होतो तो बाळाच्या वाट्याला जाऊन. डेन्मार्कचे फिलिप ग्राँजाँ यांनी फॅरो बेटांवरील मुलांचा अभ्यास करून २०१२ मध्ये दाखवले की, ज्यांच्या रक्तात ही रसायने अधिक, त्यांच्यात धनुर्वात व घटसर्पाच्या लशीनंतर तयार होणारी प्रतिद्रव्ये कमी. लस टोचली, वहीवर शिक्का बसला, परंतु संरक्षण अपुरे राहिले. (आईचे दूध यामुळे बंद करावे असे कोणीही जबाबदार वैद्य सांगत नाही, त्याचे लाभ फार मोठे आहेत.)

व्हेनेतोतील लढाई उभी केली ती याच मातांनी. त्रिस्सिनोचा कारखाना १९६० च्या दशकात मार्झोत्तो या वस्त्रोद्योगी घराण्याने काढला. पुढे तो जपानच्या मित्सुबिशीकडे गेला, आणि २००९ मध्ये एका युरोपीय उद्योगसमूहाने तो घेतला, अवघ्या एका युरोला. कारखाना एका युरोला का विकला जातो, हा प्रश्न त्याच वेळी कोणी विचारायला हवा होता. तो ज्या जागी उभा होता, तेथेच डोंगरातून येणारे पाणी भूगर्भात मुरते आणि तेच पाणी विचेन्झा, व्हेरोना आणि पादोव्हा या तीन जिल्ह्यांतील विहिरींना मिळते. विष पडले ते असे उगमावरच. २०१३ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून ते उघड झाले. तोवर कित्येक दशके गेली होती. साडेतीन लाखांहून अधिक लोक त्याच्या छायेत होते. पाण्यावर कोळशाच्या गाळण्या बसल्या, परंतु रक्तात जे गेले ते गेले होते. २०१७ च्या सुमारास सरकारी तपासणीचे अहवाल टपालाने घरोघर आले. खेळणाऱ्या-बागडणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या रक्तातील आकडे पाहून आया हादरल्या. त्या एकत्र आल्या, 'मामे नो पीफास' या नावाने. पांढऱ्या सदऱ्यांवर आपल्या मुलांचे नाव आणि त्याच्या रक्तातील आकडा छापून त्या रस्त्यावर उतरल्या. पक्ष नाही, नेता नाही. पादोव्हा विद्यापीठाचे आन्निबाले बिज्जेरी आणि सहकाऱ्यांच्या २०२४ मधील अभ्यासाने बाधित भागात १९८५ ते २०१८ या काळात अपेक्षेपेक्षा सुमारे ३,९०० मृत्यू अधिक झाल्याचे दाखवले. २०२५ चा निकाल लागला तेव्हा न्यायालयात या आया होत्या.

अशा कारखान्याची यंत्रे कोकणात आली आहेत आणि २०२५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले आहे. वर्षअखेरीस ब्रिटनमधील व येथील वृत्तपत्रांत बातम्या आल्या आणि खेड-चिपळूण परिसरात खळबळ माजली. याचे खापर 'पाश्चात्त्यांचे कारस्थान' म्हणून दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही. आपल्याच माणसांनी डोळे उघडे ठेवून हा सौदा केला. फ्लोरिनचे रसायनशास्त्र देशाला नको आहे काय? हवे आहे. औषधे, कीटकनाशके, विद्युतघट, चिप यांसाठी ते लागते, आणि प्रत्येक रेणूसाठी चीनकडे हात पसरणे परवडणारे नाही. यंत्र स्वतः पापी नसते. त्यात काय बनते आणि उरलेले कोठे जाते, हा प्रश्न असतो. त्रिस्सिनोत जे घडले ते लोट्यात घडले, असा आरोप करणेही अन्यायाचे होईल. कायद्याने जे मागितले ते सर्व कारखान्याने दिले असे धरून चालू. अडचण अशी की कायदा मागतो फार थोडे.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक २०१२ चे. त्यात या रसायनांची मर्यादाच नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओएसाठी लिटरला चार नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. म्हणजे दहा हजार लिटरचे पंचवीस हजार टँकर भरावेत आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम. युरोपीय संघाची वीस रसायनांच्या बेरजेवरील मर्यादा जानेवारी २०२६ पासून बंधनकारक झाली आहे. स्टॉकहोम करारावर भारताची मोहोर २००६ पासून आहे. त्या करारात पीएफओएस २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये समाविष्ट झाले. परंतु २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या सात रसायनांना मान्यता दिली, त्यांत फ्लोरिनच्या या घराण्यातील एकही नव्हते. अन्नाच्या वेष्टनांत ही रसायने नकोत, असा मसुदा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये काढला, हे स्वागतार्ह. पण वेष्टन हा या नदीचा एक ओहोळ झाला.

लोट्याची भूमीही समजून घेतली पाहिजे. वर जांभा दगड, चाळणीसारखा सच्छिद्र. त्यावर कोकणचा पाऊस. पाणी मुरते ते थेट विहिरीला आणि झऱ्याला लागते, उरलेले ओढ्यांनी जगबुडी-वाशिष्ठीच्या खोऱ्यात आणि तेथून दाभोळच्या खाडीत जाते. त्या खाडीवर भोई समाजाच्या पिढ्या पोसल्या. या वसाहतीच्या सांडपाण्याने मासळी मेल्याच्या त्यांच्या तक्रारी जुन्या आहेत; माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या पश्चिम घाट अहवालातही लोट्याच्या प्रदूषणाची दखल आहे. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, ज्याला तेथे सर्व जण 'सीईटीपी' म्हणतात, ते जिवाणूंवर चालते. साधी सेंद्रिय घाण जिवाणू खातात. फ्लोरिनची गाठ ते सोडवू शकत नाहीत. पाणी दिसायला स्वच्छ होऊन बाहेर पडते आणि रसायन त्यातच असते. घरी पाणी उकळूनही उपयोग नाही, उलट पाणी आटते आणि रसायन तेवढेच राहते. सक्रिय कोळसा किंवा आरओ यंत्र ते अडवते, परंतु आरओने टाकून दिलेले पाणी पुन्हा मोरीतून ओढ्यातच जाते.

म्हणून मागणी बंद करा-चालू ठेवा या घोषणांपलीकडची असली पाहिजे. कारखान्यात कोणकोणती फ्लोरिनयुक्त संयुगे बनतात, कोणती वापरली जातात, ती पाण्यात, हवेत आणि गाळात किती जातात, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासण्या आम्लता आणि प्राणवायूच्या मागणीवर थांबून चालणार नाहीत. रेणू नावानिशी ओळखणारी यंत्रे आपल्या देशातील प्रयोगशाळांत आहेत.

आणि आता त्या कोरियन युद्धातील सैनिकांच्या रक्ताकडे. पार्कर्सबर्गला आणि त्रिस्सिनोला लोकांनी रक्त दिले ते विष पिऊन झाल्यावर. आधीचे रक्त कसे होते, हे सांगायला कोणाकडे काही नव्हते. कंपन्यांचे वकील नेमके तेथेच बोट ठेवत राहिले. लोट्यात उत्पादनाला अजून फार काळ लोटलेला नाही. आवाशी, धामणदेवी, पीरलोटे या गावांच्या विहिरींचे पाणी, भातशेतीची माती, खाडीतील मासळी आणि इच्छेने देतील त्या शेदोनशे माणसांचे रक्त आजच घेऊन सीलबंद, गोठवून, तारीख घालून ठेवता येते. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. माती आणि मासळी एकाने, रक्त दुसऱ्याने सांभाळावे. खर्च कारखान्याने द्यावा, चावी त्याच्याकडे नसावी. पाण्याचे नमुने पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असे घ्यावे लागतील, कारण जांभ्यातील झरे ज्येष्ठात एक बोलतात आणि कार्तिकात दुसरे.